नवा पंप बसला, जुना कीस कुठे गेला?

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निम्मे लोक पुण्यात-बंगळूरला, बाकीचे अमेरिकेत नाहीतर दुबईत. गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या एका मित्राने आपल्या शेजाऱ्याची गंमत म्हणून एक किस्सा टाकला. शेजाऱ्याकडे मोठा डिझेल पिकअप ट्रक आहे. कंपनीने रिकॉल काढला आणि डीलरने इंधनाचा हाय-प्रेशर पंप फुकटात बदलून दिला. तरी हा माणूस डीलरकडे चकरा मारतोच आहे. काढलेला पंप उघडून पाहिला होता का, त्यात काय दिसलं, आणखी काय तपासलं, हे त्याला लेखी हवंय. मित्राने शेवटी लिहिलं, "दीडदमडी न देता नवा पंप मिळाला, तरी रडगाणं चालूच. या लोकांना संशयाची सवयच लागलीय." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मला हसू आलं नाही. त्या शेजाऱ्याचं बरोबर आहे, आणि त्याला हसणारे आम्ही सगळे इंजिनिअर आहोत ही लाजेची गोष्ट आहे, असं माझं मत आहे. ग्रुपवर चार ओळींत ते मांडता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी पंपाबद्दल. माझे मामू मालेगावात आग्रा रोडला पंप-नोझलचं काम करायचे. सुट्टीत मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो, म्हणून डिझेलचा वास मला अजून आवडतो. तेव्हाच्या ट्रकच्या लाइन पंपाला वंगण इंजिन ऑइलचं असायचं. आजच्या कॉमन रेल इंजिनात हाय-प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे त्यातून वाहणारं डिझेलच. डिझेल कोरडं पडलं की पंपाच्या आतलं लोखंड लोखंडावर घासतं. दाबही थोडाथोडका नसतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, हे पंप डिझेल दोन हजार बारच्या आसपास दाबतात.

अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपमध्ये बरीच वर्षं बॉशचा सीपी-३ नावाचा पंप होता. तीन पिस्टनचा, जरा जड, पण टिकाऊ म्हणून नाव कमावलेला. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनात तो २००१ पासून होता, तर डॉजच्या (आताच्या राम) ट्रकमधल्या कमिन्स इंजिनात २००३ पासून. कर्वेनगरच्या कॉलेजच्या पाटीवर वाचतो तेच हे कमिन्स. मग बॉशचाच सीपी-४ आला. दोन पिस्टनचा, हलका आणि जास्त दाब देणारा. २०११ पासून जनरल मोटर्स आणि फोर्डने तो घेतला. राम ट्रकमधल्या ६.७ लिटरच्या कमिन्सवर तो २०१९ मध्ये आला.

या पंपात कॅमवर एक रोलर फिरतो. रोलर ज्या टॅपेटमध्ये बसवलेला असतो तो आपल्या जागी सरळ राहिला पाहिजे, तरच रोलर कॅमवर गोल फिरेल. पण टॅपेट स्वतःभोवती वळणारच नाही अशी पक्की खाच या पंपात ठेवलेली नव्हती. पंपात हवा शिरली, डिझेल कोरडं आलं किंवा झीज झाली, तर टॅपेट वळू शकतो. काटकोनात वळला की रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमला खरवडू लागतो. लोखंडाचा बारीक कीस निघतो. पंपाच्या पोटात वंगणाचं काम करणारं डिझेलच पुढे दाबून रेलमध्ये जात असल्यामुळे तो कीस रेल, इंजेक्टर आणि परतीच्या नळीतून थेट टाकीपर्यंत पोहोचतो. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं, तेही बहुधा भरधाव असताना. दुरुस्तीत पंप, रेल, सगळे इंजेक्टर आणि नळ्या बदलाव्या लागतात. अमेरिकेत हे बिल सहज दहा हजार डॉलरच्या घरात जातं.

मामू म्हणायचे, "बेटा, पंप एकटा मरत नाही, घरादाराला घेऊन जातो." पंप जळाला म्हणून कुणी ट्रकवाला नवा पंप बसवून मागायला आला, की ते आधी त्याला टाकी खाली करायला लावायचे. फिल्टर करवतीने कापून पांढऱ्या कपड्यावर झटकायचे आणि उन्हात धरायचे. कपड्यावर चमक दिसली तर नवा पंप बसवायला साफ नकार. गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या दुकानात जायचं, आणि महिन्याभराने बऱ्याचदा परत यायचं.

आता डिझेलकडे येऊ, कारण सगळ्या भांडणाची सुरुवात तिथूनच झाली. २००६ पासून अमेरिकेत महामार्गावरच्या वाहनांसाठी डिझेलमधलं सल्फर ५०० पीपीएमवरून १५ वर आणलं गेलं. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण सल्फर काढताना डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही जातो आणि तो वरून औषध घालून भरून काढावा लागतो. बुळबुळीतपणा मोजायची ठरलेली पद्धत आहे. डिझेलमध्ये बुडवलेली एक छोटी पोलादी गोळी पट्टीवर घासतात आणि तिच्यावर किती मोठा चट्टा पडला ते मायक्रॉनमध्ये मोजतात. युरोपात ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, आपल्या बीएस-६ डिझेललाही तीच मर्यादा आहे. अमेरिकेचं मानक मात्र ५२० मायक्रॉनपर्यंत परवानगी देतं. म्हणजे ज्या देशात हा पंप लाखोंनी विकला, तिथलं कायदेशीर डिझेल युरोपपेक्षा जास्त कोरडं असू शकत होतं, आणि ते आकडे छापील मानकांत सगळ्यांसमोर होते.

तरीही पंप फुटला की डीलरकडचं नेहमीचं उत्तर होतं, "तुमचं डिझेल खराब होतं." पाणी मिसळलेलं होतं, भलतंच काही टाकीत पडलं, वॉरंटी लागू नाही. खटल्यांच्या कागदपत्रांत मालकांची हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. पेट्रोल पंपावरून मानकाप्रमाणे विकलं जाणारं डिझेल भरलेल्या माणसाला सांगायचं की चूक तुझीच. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही यालाच 'युजर एरर' म्हणतो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त पळवाट आहे. मीही ती वापरली आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

वॉरंटीत काम करून दिलं तरी फुटलेल्या सीपी-४ च्या जागी दुसरा सीपी-४ बसायचा. तोच टॅपेट, तोच रोलर, तेच डिझेल. मालकांचा संशय इथून सुरू झाला, आणि त्यात वेडेपणाचं काही नव्हतं. काहींनी खिशातून पैसे घालून बाजारातली बायपास किट बसवून घेतली. ही किट पंपाच्या पोटातलं डिझेल रेलकडे न पाठवता टाकीकडे परत वळवते, म्हणजे पंप फुटलाच तर कीस इंजेक्टरमध्ये शिरत नाही. काहींनी याहून कितीतरी जास्त खर्च करून सीपी-३ लावून घेतला. वॉरंटीतल्या गाडीचा मालक स्वखर्चाने कंपनीच्या पंपापासून संरक्षण विकत घेतो, यावरून कंपनीने काय समजायचं ते समजावं.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे एनएचटीएसएने, राम ट्रकची चौकशी उघडली. हाताशी मालकांच्या वीस-पंचवीस तक्रारी होत्या, चौकशीच्या कक्षेत सहा लाखांवर गाड्या. पुढच्याच महिन्यात कंपनीने २०१९ आणि २०२० च्या २,२२,४१० ट्रकचा रिकॉल जाहीर केला. उपाय होता सीपी-४ काढून सीपी-३ बसवणे. २०२१ च्या नव्या ट्रकमध्ये तर कंपनी आधीच सीपी-३ कडे परतली होती.

न्याय करायचा तर पूर्ण करू. या रिकॉलमध्ये पंपाची निवड प्रामाणिक होती. तोच पंप 'सुधारित' म्हणून पुन्हा माथी मारला नाही, तर वर्षानुवर्षं टिकलेल्या जुन्या पंपाकडे परत गेले. आमच्या भाषेत हा रोलबॅक, आणि रोलबॅक करायला हिंमत लागते, कारण त्यात नवी आवृत्ती फसली हे कबूल करावं लागतं. संशय येतो म्हणून रिकॉलच टाळणाऱ्या मालकांशी मी मुळीच सहमत नाही. ट्रेलर जोडलेला ट्रक महामार्गावर अचानक बंद पडला तर मागून येणाऱ्याचा जीव जातो, त्याने तर कुठलाही पंप निवडलेला नसतो. रिकॉल करून घ्यायलाच हवा.

पण 'करून घ्या' म्हणणं आणि 'करून घेतला ना, आता गप्प बसा' म्हणणं यात मोठं अंतर आहे, आणि माझा मित्र दुसरी गोष्ट म्हणत होता.

शेजाऱ्याचा प्रश्न पंप चांगला की वाईट असा नाहीच. तो विचारतोय, जुना पंप झिजत असताना ही गाडी हजारो मैल चालली, त्या काळात जो कीस निघाला असेल तो कुठे आहे? सीपी-४ फुटायच्या आधीही कणाकणाने झिजू शकतो. पंप अजून चालू आहे याचा अर्थ पुढच्या नळ्या स्वच्छ आहेत असा होत नाही. तपासणं अवघड नाही. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढला की तिथे चमकणारे कण दिसतात का ते डोळ्यांनीही कळतं. फिल्टर कापता येतो. कीस सापडला तर रेल आणि इंजेक्टरही बदलायचे. पण तसं केलं तर काही तासांचं काम काही दिवसांचं होतं आणि खर्च कैक पटींनी वाढतो. तो खर्च कंपनीचा, आणि कीस आहे की नाही हे ठरवणारा कंपनीचाच डीलर. तपासणाऱ्याला काही न सापडण्यातच सोय असेल, तर 'काही सापडलं नाही' हे वाक्य पुराव्याशिवाय कुणी का मानावं?

आता माझी स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी बिलिंगच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होतो. कर काढताना पैसे वर-खाली करण्याच्या हिशेबात चूक होती. मी ती शोधली, कोड दुरुस्त केला, चाचण्या चालवल्या, तिकीट बंद केलं आणि खूश झालो. आठवड्याभराने क्लायंटच्या अकाउंट्स विभागातल्या एका ताईंनी तेच तिकीट पुन्हा उघडलं: आकडे अजून जुळत नाहीत. मी तपासलं, नवं बिल बरोबर येत होतं. 'अपेक्षेप्रमाणे चालते' असा शेरा मारून बंद केलं. त्यांनी पुन्हा उघडलं. आमच्या टीममध्ये त्यांच्या नावाने विनोद सुरू झाले, आणि त्यातले एक-दोन माझेच होते. तिसऱ्यांदा त्यांनी छापील कागद स्कॅन करून पाठवले. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने खूण होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कोड दुरुस्त झाला होता, पण चुकीच्या कोडने तीन महिने जे आकडे लिहून ठेवले होते ते तसेच पडून होते, आणि नव्या, निर्दोष कोडमध्ये रोज तेच वाचले जात होते. मी पंप बदलला होता. कीस टाकीत होता.

त्या ताईंना कोडचं एक अक्षर येत नव्हतं, तरी माझ्यापेक्षा त्या बरोबर होत्या, कारण परिणाम त्यांच्या टेबलावर येऊन पडत होता. ट्रकमालकाचंही तसंच आहे. त्याला टॅपेटची रेखाटनं समजत नसतील, पण चढावर ट्रेलर ओढताना इंजिनाचा आवाज बदलला हे डीलरच्या आधी त्याला कळतं. त्याचा संशय हा फुकट मिळालेला चाचणी-अहवाल आहे. तो हसून उडवणारा इंजिनिअर आपलंच नुकसान करून घेतो.

मालकांनी कंपन्यांवर विश्वास का ठेवावा, याचाही इतिहास पाहा. जनरल मोटर्सने २०१७ च्या नव्या ड्युरामॅक्समध्ये डेन्सोचा पंप घेतला, पण २०११ ते २०१६ च्या ट्रकना सीपी-४ साठी रिकॉल मिळाला नाही. त्यांचे मालक कोर्टात गेले. २०२४ मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड झाली, दोष कबूल न करता, तीही सात राज्यांपुरती. जवळपास तसाच पंप, तसाच बिघाड, पण एका कंपनीच्या गिऱ्हाइकाला नवा पंप आणि दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला कोर्टाची पायरी, तीसुद्धा सातपैकी एखाद्या राज्यात ट्रक घेतला असेल तर. हे पाहिलेल्या माणसाला 'निर्धास्त राहा' म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख समजणं आहे.

तरी अमेरिकन मालकाकडे एक गोष्ट आहे आणि ती मला खरोखर हेवा करण्याजोगी वाटते. तिथे रिकॉल काढताना कंपनीला सरकारला लेखी अहवाल द्यावा लागतो. दोष काय, कंपनीला तो कधी आणि कसा कळला, उपाय काय करणार, हे त्यात लिहावं लागतं, आणि तो अहवाल कुणालाही वाचता येतो. गाडीचा क्रमांक टाकला की तिच्यावर कुठला रिकॉल बाकी आहे ते दिसतं. रिकॉलच्या आधी स्वतःच्या पैशाने दुरुस्ती केली असेल तर भरपाई मागता येते. त्या शेजाऱ्याला प्रश्न सुचले ते हे कागद उघडे आहेत म्हणून.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम आलं, ११० अ, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. त्याआधी सगळं कंपन्यांच्या मर्जीवर चालायचं. नियमात सात वर्षांपेक्षा जुनी गाडी बसत नाही. आणि तक्रारींची संख्या त्या गाडीच्या वार्षिक विक्रीच्या ठराविक टक्क्यांपर्यंत पोहोचावी लागते, मग पुढचं चक्र फिरतं. ही टक्केवारी मला मुळातच पटत नाही. एनएचटीएसएने सहा लाख गाड्यांची चौकशी वीस-पंचवीस तक्रारींवर उघडली, कारण इंजिन महामार्गावर बंद पडतं ही एकच गोष्ट पुरेशी गंभीर होती. धोका मोजायचा असतो, आपण डोकी मोजतोय. आणि ज्याच्या पोटापाण्याचा ट्रक बंद पडलाय तो पोर्टलवर तक्रार नोंदवत बसत नाही, तो मिळेल त्या गॅरेजात जातो. त्याची तक्रार मामूंच्या पांढऱ्या कपड्यावरच राहते.

बदललेल्या भागाबद्दलची शंका हे अमेरिकन चोचलं नाही, याचा पुरावा आपल्याकडेही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने भारतात ९०,४६८ गाड्या इंधन पंपासाठी परत बोलावल्या. तो टाकीतला साधा पंप, वरच्या हाय-प्रेशर पंपाशी त्याचा संबंध नाही. पण त्या आकड्यात २,२०४ गाड्या अशा होत्या ज्यांत हा भाग पूर्वी स्पेअर पार्ट म्हणून बदलून बसवलेला होता. म्हणजे या मालकांनी आधीच एकदा नवा पंप बसवून घेतला होता आणि तो बसवलेला पंपच सदोष निघाला. त्यांच्यापैकी कुणी मधल्या काळात 'नवा पंप नीट आहे का' असं विचारलं असेल, तर त्याला काय उत्तर मिळालं असेल याची मला कल्पना आहे. कंपनीने निदान हे स्वतः जाहीर केलं, आणि तेवढं श्रेय तिला दिलं पाहिजे.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरात दोन पिढ्या शेजारी-शेजारी राहतात. अब्बा किंवा चाचा गॅरेजवाले, मुलगा किंवा मुलगी लॅपटॉपवाली. आपण शिकलो आणि पहिली गोष्ट काय केली, तर 'दुरुस्त झालं' हा शेरा मारायचा अधिकार मिळवला. उद्या गाडीतल्या, हॉस्पिटलातल्या, रेशनच्या मशीनमधल्या सॉफ्टवेअरचं तिकीट तुमच्यापैकीच कुणीतरी बंद करणार आहे. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून उभ्या असलेल्या बाईला 'सर्व्हर ठीक आहे' असं सांगणारा माणूस आणि ट्रकवाल्याला 'तुमचं डिझेल खराब' म्हणणारा डीलर यांच्यात मला फरक दिसत नाही.

ग्रुपवर शेवटी मी एवढंच विचारलं की शेजाऱ्याला डीलरने काय कागद दिला. मित्राने फोटो मागवला. एक पान, त्यावर रिकॉलचा क्रमांक, 'पंप बदलला', आणि रकमेच्या रकान्यात शून्य. कीस आहे का पाहिलं, नाही पाहिलं, कुणी पाहिलं, काहीच नाही. मी त्याला प्रश्न लिहून पाठवले: काढलेल्या पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह उघडला का? फोटो काढला का? फिल्टर कापला का, की नुसता बदलला? पुढे इंजेक्टर गेले तर त्याची जबाबदारी या रिकॉलमध्ये येते असं लिहून देणार का? आणि काढलेला पंप आता कुठे आहे?

मित्र म्हणाला, शेजारी गेले तीन आठवडे नेमकं हेच विचारतोय.